अंधारात बोलणाऱ्या पेशी: डोळा, मेंदू आणि आळशी डोळ्यावरची पट्टी

कोयनाकाठ (धागाकर्ती)

आपल्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी अंधारात सर्वांत जास्त कामात असतात आणि उजेड पडला की गप्प होतात. मी जीवशास्त्र शिकवते, आणि दृष्टीचा धडा याच वाक्याने सुरू करते, कारण इथे समजूत पक्की झाली की पुढचं सगळं सोपं जातं.

डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, दंडपेशी आणि शंकूपेशी असतात. अंधारात त्यांच्या आवरणातली दारं उघडी असतात, सोडियम आत येत राहतो, आणि पेशीच्या आतला विद्युतदाब उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास टिकून राहतो. या अवस्थेत पेशी पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट नावाचं रसायन सतत सोडत असते. प्रकाशाचा कण येऊन ऱ्होडॉप्सिनवर, म्हणजे पेशीतल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर, आदळला की त्यातला 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला वाकडा रेणू सरळ होतो. त्यातून रासायनिक प्रक्रियांची साखळी सुरू होते, दारं मिटतात, दाब उणे ७० कडे घसरतो आणि ग्लुटामेट कमी होतं. म्हणजे 'उजेड आला' ही बातमी मेंदूकडे निघते ती रसायन थांबण्याच्या रूपात. ('अ' जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो तो याच रेणूपायी. शेवग्याचा पाला खा म्हणणारी आजी इथे अगदी बरोबर आहे.)

पुढच्या थरात द्विध्रुवी पेशी आहेत आणि त्या दोन जातींच्या आहेत. एका जातीला ग्लुटामेट उत्तेजित करतं, दुसरीला दडपतं. रसायन एकच, पण ते पकडणारी ग्राही प्रथिनं वेगळी. त्यामुळे ग्लुटामेट घटलं की दडपली जाणारी जात 'उजळलं' म्हणून जागी होते, आणि वाढलं की उत्तेजित होणारी जात 'काळवंडलं' म्हणून. दृष्टीच्या या दोन वाटा इथे फुटतात त्या मेंदूपर्यंत वेगळ्या जातात.

आता संख्या बघा. एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी. पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जेत तंतू फक्त १० ते १२ लाख. एवढं सगळं एवढ्या अरुंद वाटेने कसं जाणार? तर सगळं जातच नाही. जातो तो फरक.

हे पहिल्यांदा उलगडलं ते हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या डोळ्यात. (ओडिशाच्या किनाऱ्यावर याचे भाऊबंद सापडतात.) हाल्डन केफर हार्टलाइन यांनी दाखवलं की एका नेत्रिकेवर (त्याचा डोळा अशा अनेक छोट्या घटकांचा बनलेला असतो) प्रकाश टाकला की ती शेजारणीचा आवाज दाबते. सगळीकडे सारखा उजेड असेल तर सगळ्याच एकमेकींना दाबतात आणि बातमी क्षीण होते. कड आली की मात्र कडेलगतच्या पेशी ठळक बोलतात. हार्टलाइन यांना १९६७ चं नोबेल मिळालं. स्टीफन कफलर यांनी १९५३ साली मांजराच्या रेटिनात असंच काही पाहिलं: तिथल्या गँग्लियन पेशीच्या (हिचाच तंतू मेंदूकडे जातो) क्षेत्राला, म्हणजे पडद्याच्या ज्या भागाची बातमी ती घेते त्याला, एक मध्य असतो आणि भोवती विरुद्ध गुणाचं कडं असतं. मध्यावर ठिपका टाकला तर पेशी भराभर बोलते, सगळ्या क्षेत्रावर उजेड टाकला तर जेमतेम.

एक गोष्ट करून बघा. छापलेला कागद घरात वाचा, मग भर उन्हात न्या. उन्हातल्या काळ्या अक्षरावरून डोळ्यात येणारा प्रकाश हा घरातल्या पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त असतो. तरी अक्षर काळंच दिसतं. डोळा प्रकाश मोजत बसत नाही, शेजाऱ्याशी तुलना करतो, म्हणून.

यापुढची पायरी मेंदूच्या मागच्या भागात, प्राथमिक दृष्टिक्षेत्रात. १९५८ साली बाल्टिमोरला कफलर यांच्याच प्रयोगशाळेत डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल हे दोन तरुण भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतल्या एकेका पेशीचे विजेचे ठोके ध्वनिक्षेपकावर ऐकत होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका लावून तो पडद्यावर दाखवायचा, पेशी बोलते का ते बघायचं. तास गेले, पेशी काही बोलेना. मग पट्टी यंत्रात सरकवताना ध्वनिक्षेपकातून एकदम कडकडाट झाला. ठिपक्याशी त्याचा संबंध नव्हता. काचेच्या कडेची बारीक सावली पडद्यावरून सरकली होती, आणि त्या पेशीला तेवढीच हवी होती: एका विशिष्ट कोनात कललेली रेघ. शेजारी दुसऱ्या कोनाची आवड असणाऱ्या पेशी सापडल्या. १९८१ साली दोघांना नोबेल मिळालं.

माझा आग्रह एवढाच आहे की हे संशोधन कुतूहलापोटी झालेलं असलं तरी त्याचा हात आज लहान मुलांच्या उपचारापर्यंत पोचला आहे. त्याबद्दल आणि एकूणच या विषयावर इथे बोलूया.

दशमान

ताई, एक शंका. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. उजेड वाढला तर स्पंदनं वाढवायची, घटला तर कमी करायची, एवढ्याने काम भागलं असतं. 'उजळलं' आणि 'काळवंडलं' अशा दोन स्वतंत्र तारा ओढण्यात निसर्गाने दुप्पट खर्च का केला?

कोयनाकाठ

फार चांगला प्रश्न. चेतापेशीचं स्पंदन म्हणजे सुमारे एक मिलिसेकंदाचा विजेचा ठोका. तो पडतो किंवा पडत नाही, अर्धा पडत नाही. आता समजा पेशी स्वस्थ असताना सेकंदाला थोडेच ठोके देते. त्याहून कमी करून काय सांगणार? शून्याच्या खाली जाता येत नाही. शिवाय ठोके थांबले हे ओळखायला पुढच्या पेशीला वाट बघावी लागणार, आणि अंगावर झेपावणारा शिकारी अनेकदा सावलीच्या रूपातच येतो. स्वस्थ असतानाचा दर खूप वर ठेवला तर खाली उतरायला जागा मिळेल, पण ऊर्जा वाया जाईल. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असून ऊर्जा सुमारे २० टक्के खातो. दोन वाटा केल्यामुळे दोन्ही बातम्या ठोके वाढवूनच सांगता येतात.

याचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. १९८६ साली पीटर शिलर आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या डोळ्यात 'उजळलं' वाट तात्पुरती बंद करणारं औषध घातलं. माकडांना भोवतालापेक्षा उजळ ठिपका शोधणं जड जाऊ लागलं, काळपट ठिपका मात्र पूर्वीसारखाच सापडत होता. माणसांतही या वाटेवरच्या ग्राही प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर जन्मापासून रातांधळेपणा असतो, कारण दंडपेशींचा मुख्य संबंध 'उजळलं' वाटेशीच असतो.

दशमान

शून्याच्या खाली जाता येत नाही, हे पटलं. आमच्याकडे ॲम्प्लिफायरमध्ये लहरीचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा दोन वेगळ्या ट्रान्झिस्टरांकडे देतात, कारण तेच. धन्यवाद.

शेवंती

मी इथे सहसा फक्त वाचते, पण आज लिहिते आहे. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. शाळेच्या तपासणीत कळलं की तिच्या डाव्या डोळ्याला खूप कमी दिसतं. डॉक्टर म्हणाले डोळ्यात, पडद्यात काही बिघाड नाही, नंबर मोठा आहे आणि डोळा आळशी झाला आहे. चष्मा दिला, आणि काही आठवड्यांनी उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली. ती रडते, धडपडते. सासूबाई म्हणतात, चांगला डोळा झाकून पोरीला आंधळं करता काय? मला डॉक्टरांवर विश्वास आहे, पण कारण नीट समजलं तर मलाही घरात ठामपणे बोलता येईल. डोळा चांगला आहे, चष्माही आहे, मग दिसत का नाही?

नेत्रांजन

शेवंतीताई, मी सांगलीकडे ऑप्टोमेट्रिस्ट आहे. तुमच्यासारखे पालक माझ्याकडे जवळजवळ रोज येतात, आणि पट्टी सुटते ती बहुतेक वेळा कारण न समजल्यामुळेच. म्हणून सविस्तर लिहितो.

वर ह्यूबल आणि वीझल यांचं नाव आलं आहे. दृष्टिक्षेत्रातल्या बहुतेक पेशींना दोन्ही डोळ्यांकडून बातमी येते, हे त्यांना दिसलं होतं. १९६३ साली त्यांनी मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून काही आठवड्यांनी उघडली. तो डोळा तपासला तर उत्तम. रेटिना ठीक, तिथून थॅलॅमसपर्यंतची, म्हणजे मेंदूतल्या मधल्या ठाण्यापर्यंतची, वाटही चालू. पण मेंदूच्या दृष्टिक्षेत्रात त्या डोळ्याला उत्तर देणारी पेशी जवळजवळ उरली नव्हती. तुमच्या मुलीच्या बाबतीत डॉक्टर 'पडद्यात बिघाड नाही' म्हणाले, त्याचा अर्थ हाच. अडचण डोळ्याच्या मागे, मेंदूत आहे.

मोठ्या मांजरांचा डोळा कित्येक महिने बंद ठेवला तरी असं काही होत नव्हतं. पिल्लांमध्ये मात्र चौथ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंतच्या काळात थोडे दिवसही पुरत होते.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग त्यानंतरचा, १९६५ चा. त्यांनी दोन्ही डोळे बंद ठेवले. एक बंद ठेवल्याने एवढं नुकसान, तर दोन बंद ठेवल्यावर सगळंच संपेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना उत्तर देत राहिल्या. म्हणजे पेशी हातच्या जातात त्या नुसत्या न वापरल्याने नाहीत. दोन डोळ्यांमध्ये जागेसाठी चढाओढ असते. पाटाच्या पाण्याला दोन शेतकरी असावेत, एकाने आपली पाळी घेतली नाही तर दुसरा सगळं पाणी आपल्या रानात वळवून घेतो, तसं. एका डोळ्याची प्रतिमा अंधुक असेल तर त्याच्या तारा ढिल्या पडतात आणि तो पेशीसमूह स्पष्ट प्रतिमा पाठवणारा डोळा काबीज करतो.

आता पट्टी. चष्म्याने डाव्या डोळ्याची प्रतिमा स्पष्ट झाली, पण मेंदूतली जागा उजव्याने व्यापलेली आहे. उजवा रोज काही वेळ थांबवला की डाव्याला तिथे आपले संबंध पुन्हा जोडायला वाव मिळतो. तिला पट्टी लावल्यावर धडपडायला होतं, कारण त्या वेळी ती खरोखरच कमी बघत असते, आणि उपचार नेमका तेव्हाच होत असतो. सासूबाईंना सांगा की दोन तासांच्या पट्टीने चांगला डोळा आंधळा होत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायला डॉक्टर दर भेटीत दोन्ही डोळे तपासतात, म्हणून भेटी चुकवू नका.

जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया पूर्वी मूल मोठं होईपर्यंत लांबवत. आज ती पहिल्या काही आठवड्यांत करतात, त्यामागे हे प्रयोग आहेत.

शेवंती

दोन्ही डोळे बंद ठेवण्याचा भाग वाचून अंगावर काटा आला. म्हणजे तिचा चांगला डोळाच दुसऱ्याची जागा घेऊन बसला आहे. हे आज रात्री घरात वाचून दाखवणार आहे. मनापासून आभार.

रानजाई

मला इथे थांबावंसं वाटतं. पिल्लांच्या पापण्या शिवल्या, हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचलं आणि पुढे गेलो. मी भटक्या मांजरांसाठी काम करते. शेवंतीताईंच्या मुलीला गुण यावा असं मलाही वाटतं, पण त्या पिल्लांबद्दल एक शब्दही न बोलणं मला बरोबर वाटत नाही.

कोयनाकाठ

रानजाई, हा मुद्दा मांडलात हे फार चांगलं केलंत. मी याकडे कशी बघते ते सांगते.

ते प्रयोग त्या पिल्लांसाठी हानिकारक होते. त्यांच्यावर शस्त्रक्रिया भूल देऊन केल्या हे खरं, पण एक डोळा निकामी होणं ही त्यांनी मोजलेली किंमत आहेच. त्यातून काय उपचार निघेल हे प्रयोग करणाऱ्यांना तेव्हा ठाऊक असणं शक्य नव्हतं. बालरुग्णांमध्ये मोतीबिंदू काढल्यावरही दृष्टी येत नाही, हे डॉक्टरांना माहीत होतं आणि त्या कोड्यामुळे प्रयोग सुचला. पण उत्तर काय येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. 'पुढे उपयोग झाला म्हणून आधीचं सगळं योग्य' असं मी विद्यार्थ्यांना कधीच सांगत नाही.

आज भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगाला आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते, प्राण्यांची संख्या का आणि किती हे लिहून द्यावं लागतं, पर्याय असेल तर तो वापरावा लागतो. माझ्या मते हे नियम आणखी काटेकोर झाले तरी चालतील. आणि त्या पिल्लांमुळे जे कळलं ते वाया जाऊ नये, म्हणून तरी शाळेत नेत्रतपासणी वेळेवर झाली पाहिजे. ज्ञान हाताशी असून मूल दहाव्या वर्षी सापडतं, हे मला जास्त टोचतं.

रानजाई

शेवटच्या दोन वाक्यांशी सहमत. बाकीच्यावर माझं मन अजून अडलेलं आहे, पण तुम्ही प्रश्न टाळला नाहीत याबद्दल आभार.

बखर

या चर्चेत एक जुना प्रश्न आणतो. १६८८ साली विल्यम मॉलिनो या आयरिश विद्वानाने तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्र लिहून विचारलं: जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता नुसतं बघून तो कोणता घन आणि कोणता गोल हे सांगू शकेल का? मॉलिनोचं स्वतःचं उत्तर 'नाही' असं होतं, लॉकलाही ते मान्य होतं. तीनशे वर्षं यावर वाद झाले.

उत्तर मिळालं आपल्या देशात. अमेरिकेतल्या एमआयटीमधले प्राध्यापक पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यांत उपचाराविना राहिलेली, जन्मापासून न दिसणारी मुलं शोधायची, दिल्लीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची, आणि मग ती कशी बघायला शिकतात याचा अभ्यास करायचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वयाची पाच मुलं होती. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना ठोकळ्यांच्या जोड्या लावायला दिल्या. हाताने चाचपलेला ठोकळा पुन्हा हाताने ओळखणं जमलं. बघितलेला ठोकळा पुन्हा बघून ओळखणंही जमलं. पण हाताने चाचपलेला बघून ओळखायला सांगितलं तर नुसता अंदाज. मॉलिनो बरोबर होता. मात्र थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींना तेही जमू लागलं. ही गती कुणाच्याच ध्यानीमनी नव्हती.

मग नेत्रांजन यांना विचारतो: ठरावीक काळ गेला की दार बंद, हे या मुलांना बघून म्हणता येईल का?

नेत्रांजन

दार बंद होतं म्हणण्यापेक्षा हळूहळू ओढलं जातं असं म्हणेन, आणि सगळी दारं एकाच वेळी नाही. प्रोजेक्ट प्रकाशच्या मुलांमध्ये बारीक तपशील दिसण्याची क्षमता कायम कमी राहते. तिथे उशिराची किंमत मोजावीच लागते. पण फिकट छटांमधला फरक ओळखणं काही मुलांमध्ये नंतरही सुधारलं. सुरुवातीला त्यांना एकमेकांवर ठेवलेले दोन आकार म्हणजे तीन तुकडे वाटायचे. आकार हलवले की मात्र कुठला तुकडा कुणाचा हे लगेच कळायचं. हालचालीच्या आधाराने मेंदू बघायला शिकतो, हे सिन्हा यांच्या गटाने चांगलं दाखवलं आहे.

आणि मोठ्यांचंही एक उदाहरण. अमेरिकेतल्या सुझन बॅरी स्वतः मेंदूविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिका. लहानपणापासून तिरळेपणा, दोन्ही डोळ्यांनी मिळून वस्तूंची खोली, म्हणजे काय जवळ आणि काय लांब, कधीच दिसली नाही. ह्यूबल आणि वीझल यांनी तिरळे केलेल्या पिल्लांच्या मेंदूत दोन्ही डोळ्यांना उत्तर देणाऱ्या पेशी फारच कमी उरल्या होत्या, त्यामुळे बॅरींची आशा नाही असंच पुस्तकं सांगत होती. वयाच्या ४८ व्या वर्षी डोळ्यांचे व्यायाम केल्यावर त्यांना खोली दिसू लागली. प्रत्येकाला असं होईल असं नाही. पण 'आता वय गेलं' म्हणून पालकांना दारातून परत पाठवणंही चूक.

आकाशकंदील

मध्येच एक छोटी गोष्ट. मुलांसोबत करायला फार छान आहे. कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर काळा ठिपका काढा. डावा डोळा मिटा, उजव्याने फुलीकडे बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होतो. तिथे दृष्टीची मज्जा डोळ्यातून बाहेर पडते, त्यामुळे प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. मग ठिपक्यातून आरपार जाणारी आडवी रेघ काढा आणि पुन्हा बघा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते!

पाटीपेन्सिल

आकाशकंदील, आमच्या घरी आत्ताच करून झालं, मुलगा अजून कागद घेऊन बसला आहे.

मी प्रौढ साक्षरता वर्ग घेते. एक विचारायचं होतं. बघण्याची पेशीपातळीवरची ही व्यवस्था बालपणात ठरते म्हणता, मग चाळिशीतल्या बाईला अक्षर ओळखता येतं ते मेंदूत कुठे बसतं? लिपी तर माणसाने अलीकडे बनवली. तिच्यासाठी मेंदूत वेगळी जागा जन्मतः असणं शक्य नाही.

कोयनाकाठ

तुमच्या प्रश्नावर अभ्यास झाला आहे आणि तोही देवनागरीवर. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, मुख्यतः महिला असलेल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल केवळ मेंदूच्या वरच्या थरात नव्हते, खोलवरच्या थॅलॅमसच्या आणि मेंदूस्तंभाच्या काही भागांची दृष्टिक्षेत्राशी लय जास्त जुळू लागली होती. हे भाग नजर कुठे वळवायची यात गुंतलेले असतात.

त्याच भागातल्या लोकांवर २०१९ साली आणखी एक अभ्यास आला. वाचायला शिकल्याने चेहरे ओळखण्याची जागा आक्रसते का, हा त्यातला प्रश्न. तसं आढळलं नाही. अक्षरं आधीच्याच दृष्टिपेशींच्या जाळ्यात सामावली जातात, चेहऱ्यांना हुसकावून लावत नाहीत.

अक्षराच्या कडा, कोन, वळणं ओळखायला ह्यूबल आणि वीझल यांच्याच पेशी कामी येतात. त्यांच्या जोडण्या नव्याने जुळवायला चाळिशी हा काही अडसर नाही. तुमच्या वर्गातल्या बायकांना हे जरूर सांगा.

पाटीपेन्सिल

उद्याच सांगते. 'आता या वयात डोक्यात शिरत नाही' हे वाक्य दर आठवड्याला ऐकते, आणि आता माझ्याकडे देवनागरीतलंच उत्तर आहे.

दशमान

पुन्हा मीच. संगणकाला चित्र ओळखायला शिकवणारी जाळी आम्ही वापरतो, त्यांचं मूळ मी शोधलं. जपानचे कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० साली 'निओकॉग्निट्रॉन' बनवला. त्यात एक थर ठरावीक कोनाची रेघ शोधणारा आणि पुढचा थर ती रेघ थोडी सरकली तरी ओळखणारा. ह्यूबल आणि वीझल यांनी साध्या पेशी आणि संमिश्र पेशी म्हटलं, तीच जोडी. आज फोनमध्ये चेहरा ओळखला जातो तिथपर्यंत हा धागा येतो.

प्रश्न असा: जिवंत मेंदूचं सगळं वायरिंग कुणी काढलं आहे का?

कोयनाकाठ

अख्ख्या मेंदूचं काढलं आहे ते फळमाशीचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातल्या ५ कोटींच्या आसपास जोडण्या, म्हणजे सिनॅप्स. माशीच्या मेंदूचा फार मोठा हिस्सा बघण्याच्या कामात आहे.

उंदराच्या बाबतीत एप्रिल २०२५ मध्ये दृष्टिक्षेत्राचा फक्त एक घन मिलिमीटर पूर्ण झाला. वाळूच्या कणाएवढ्या तुकड्यात ८० हजारांहून जास्त चेतापेशी आणि ५० कोटींहून जास्त सिनॅप्स. आधी ह्यूस्टनला तो उंदीर पडद्यावर दृश्यं बघत असताना हजारो पेशींची हालचाल टिपली, मग सिअ‍ॅटलला त्याच तुकड्याचे अतिपातळ काप करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घेतली, आणि प्रिन्स्टनला संगणकाने तारा जोडल्या. त्यामुळे कोणती पेशी काय बघते आणि ती कुणाशी जोडलेली आहे हे एकाच प्राण्यात कळलं. सारखी आवड असलेल्या पेशी एकमेकींशी जास्त जोडलेल्या आढळल्या. आवाज दाबणाऱ्या पेशीही सरसकट दाबत नाहीत, कुणाला दाबायचं ते निवडतात. हार्टलाइनने समुद्री जीवात पाहिलेली ती दाबादाबी इतकी नेमकी असेल, याची मला स्वतःला कल्पना नव्हती. मी तो नकाशा कित्येक रात्री बघत बसले आहे.

बखर

आणि ज्यांच्या प्रकाशग्राही पेशीच मरून गेल्या, त्यांच्यासाठी काही?

कोयनाकाठ

आहे, पण अगदी सुरुवातीचं. शेवाळात प्रकाशाला उत्तर देणारं प्रथिन असतं. त्याचं जनुक चेतापेशीत घातलं की ती पेशी प्रकाशाने चालू होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पॅरिस आणि बाझलच्या संशोधकांनी रेटिनाचा आजार होऊन दृष्टी गेलेल्या ५८ वर्षांच्या एका गृहस्थाच्या गँग्लियन पेशींत अशा प्रकारचं जनुक घातलं. खास चष्मा समोरचं दृश्य त्या प्रथिनाला चालेल अशा प्रकाशात बदलून डोळ्यावर टाकतो. काही महिन्यांच्या सरावानंतर त्यांना टेबलावरची वस्तू शोधता आली, मोजता आली. चेहरे ओळखणं, वाचन, हे नाही. वर नेत्रांजन म्हणाले तसं, इथेही मेंदूला ही नवी भाषा शिकायला वेळ द्यावा लागला.

शेवंती

परत आले. काल हा धागा घरात मोठ्याने वाचला. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि आज पट्टी त्यांनीच लावली, वर चित्र रंगवायला शेजारी बसल्या. नेत्रांजन, दोन प्रश्न. दोन तासांऐवजी सहा तास लावली तर लवकर गुण येईल का? आणि माझ्या नणंदेचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्यालाही एका डोळ्याने कमी दिसतं, आजवर काहीच केलेलं नाही. त्याचं काय?

नेत्रांजन

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. रंगवणं, मणी ओवणं, गोष्टीची पुस्तकं, असं जवळ बघायचं काम पट्टीच्या वेळात ठेवलं की मूल रमतं.

तासांबद्दल: अमेरिकेत ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर चाचणी झाली, २००३ साली निकाल आला. मध्यम प्रमाणात आळशी डोळा असेल तर दोन तास आणि सहा तास यांत फारसा फरक पडला नाही. जास्त तीव्र असेल तर डॉक्टर तास वाढवतात. तेव्हा तुमच्या मनाने वाढवू नका, पण दोन तास बुडवूही नका. मुलगी पट्टी अजिबातच ठेवू देत नसेल तर चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून तो अंधुक करण्याचा पर्याय आहे, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

अकरा वर्षांच्या भाच्याला या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञाकडे न्या. ७ ते १२ वयोगटावरच्या २००५ च्या चाचणीत चष्म्याबरोबर पट्टी आणि थेंब दिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांची नजर तक्त्यावर दोन ओळी किंवा अधिक सुधारली. नुसत्या चष्म्यावर पाव भाग मुलं सुधारली. म्हणजे आधी बरोबर नंबरचा चष्मा, तो दिवसभर, आणि पुढचं तपासून. थेंब घालून बाहुली मोठी केल्यावरच नंबर काढून घ्या, लहान मुलांचा नंबर एरवी फसवा येतो. नणंदबाईंना काही अडलं तर याच धाग्यावर विचारायला सांगा, मी बघत असतो.